लिटरला अठरा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्पोर्ट्स कार ठेवावीच कशाला, हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारून झाला होता. काहींनी तोंडावर, बहुतेकांनी पाठीमागे. दिवसभर हा माणूस दुकानादुकानांतून हिंडणार, काट्यावर पितळी वजनं ठेवून आकडा जुळतो का ते बघणार, जुळला की शिक्का मारणार, आणि संध्याकाळी घरी येऊन जमिनीला पोट टेकलेली ती दोन दारांची लाल गाडी पुसत बसणार. लोक त्याला काटेवाले म्हणत. गाडीलाही लोकांनी एक नाव ठेवलं होतं, पण ते तिच्या आवाजावरून ठेवलेलं होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी त्याने बायको गेल्यावर घेतली, तीही जुनी. मुलगी तेव्हा शाळेत होती. घरात दोघंच, बोलायला विषय नाही, आणि आधी रडायचं कुणी हेही ठरत नव्हतं. मग गाडी आली. रविवारी दोघं बॉनेट उघडून बसत. ती टॉर्च धरायची, तो बोल्ट सोडायचा. मोठा टर्बो बसवला, सायलेन्सर मोकळा केला, गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेतलं. शाळेला उशीर झाला की ती पलीकडच्या सीटवर बसायची, सीट पार पुढे ओढून पाय डॅशबोर्डला टेकवायची आणि म्हणायची, "बाबा, पळव." बाप पळवायचा. त्या सीटवर तिच्याशिवाय कुणी बसलं नाही, आणि बसणार तरी कोण होतं!

मग मुलगी मोठी झाली, शिकली आणि नेमकी हवेतला धूर मोजायच्या खात्यात चिकटली. दुसऱ्या शहरात, हायवेने चार-पाच तासांवर. एकदा सुट्टीला आली तेव्हा हा हौसेने गाडी घेऊन तिला आणायला गेला.

"बाबा, ही अजून लिटरला नऊच देते?"

"हायवेला दहा देते," तो अभिमानाने म्हणाला. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

"एका माणसाला हलवायला एवढं पेट्रोल! मी दिवसभर लोकांना धुरावरून चार शब्द सुनावते आणि माझ्याच घरी बघ. मी नाही बसणार यात. हायवेला अठरा देऊ दे, मग बसते."

"अठरा?"

"अठरा. साध्या गाडीएवढं. मग तू म्हणशील तिथे येते."

ती हसत होती. बॅग उचलून टॅक्सीत बसली आणि तो तिच्या मागे मागे घरी आला. तिने ते बोलून सोडूनही दिलं असेल. पण समोरचा माणूस आयुष्यभर आकडे जुळवून पोट भरणारा. त्याला कुणी नुसतं "सुधार" म्हटलं असतं तर त्याने कानामागे टाकलं असतं. अठरा म्हटल्यावर तो हट्टालाच पेटला.

दुसऱ्याच शनिवारी त्याने ट्यूनरचं गॅरेज गाठलं. ट्यूनर म्हणजे ज्याने या गाडीत एवढी ताकद भरली तोच. आवाज मोठा, पोट मोठं, घरात माणसंही भरपूर.

"काट्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तो म्हणाला. "लोक माझ्याकडे ताकद वाढवायला येतात. ॲव्हरेज हवं असेल तर स्कूटर घे."

"होईल की नाही ते सांग."

ट्यूनरने लॅपटॉप लावला. सारखं नाक मुरडत होता, पण गुंतला. या गाडीला सवयच होती मोकळ्या हाताने पेट्रोल ओतायची; पाय हलका असला तरी ती ओतायचीच. ट्यूनरने सांगितलं, हायवेला एका वेगात चाललं की इंजिनावर भार फार कमी असतो, तेवढ्या टप्प्यात पेट्रोल कमी करू आणि ठिणगी थोडी आधी पाडू. पाय दाबलास तर जुनी ताकद आहेच. मग रुंद टायर जाऊन अरुंद आले. मागचा मोठा पंख उतरला. गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा बसला, वारा सरळ निघून जावा म्हणून. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा ट्यूनरने खऱ्याशी जुळवून दिला. दहाचे तेरा झाले, तेराचे पंधरा.

रविवारी मुलीचा फोन यायचा. पूर्वी तो फोन म्हणजे शिक्षाच असे. जेवलास का, जेवलो. बरा आहेस ना, बरा आहे. मग दोघंही आपापल्या टोकाला गप्प. आता ती पहिलं हेच विचारायची, "किती झालं?"

"पंधरा पूर्णांक चार."

"अरे बापरे, बाबा! मला खरंच बसावं लागणार वाटतं."

त्या एका वाक्यावर त्याचा आठवडा निघायचा. मग तो टायरमधल्या हवेबद्दल सांगायचा, पत्र्याबद्दल सांगायचा, आणि ती ऐकायची. निदान ऐकतेय असं त्याला वाटायचं. मधूनच ती म्हणायची, "बाबा, एकदा बसने ये ना. दोन दिवस राहा." त्यावर याचं उत्तर ठरलेलं: "थोडंच राहिलंय. अठरा झालं की गाडी घेऊनच येतो." काय बोलावं अशा माणसाला! लेक ये म्हणतेय, बस दर तासाला सुटतेय, आणि हा टायरमधली हवा मोजत बसलाय.

दर शनिवारी तो हायवेला जायचा. ठरलेल्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, ठरलेल्या टोलनाक्यापर्यंत जायचं, वळायचं, परत त्याच पंपावर भरायची. ट्रक त्याला मागे टाकून जायचे. पोरं शेजारी गाडी आणून हॉर्न मारायची, शर्यत लावायची खूण करायची, आणि ही लाल गाडी आपली म्हाताऱ्या शिक्षकासारखी कडेकडेने चालायची. गाणी बंद, काचा वर. पाय एका जागी धरून तो समोरच्या आकड्याकडे बघत राहायचा.

साडेसतरावर गाडं अडलं. आठवडे गेले, आकडा हलेना. ट्यूनरने हात टेकले.

"इथे थांब आता. यापुढे काही निघत नाही."

"वजन कमी करतो."

"अरे, हायवेला वजनाचं काय घेऊन बसलास? शहरात सारखं थांबायचं, निघायचं असेल तर वजन. हायवेला वारा खातो सगळं."

पण वजनाबद्दल काटेवाल्याने दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे अतिच झालं. त्याने घराच्या अंगणात मोठा काटा मांडला आणि गाडीतून एकेक वस्तू काढून त्यावर ठेवायला सुरुवात केली. स्टेपनी, मागची नावापुरती सीट, स्पीकर, गालिचा. प्रत्येकाचं वजन बघून मान हलवायचा, जणू ते सामान इतकी वर्षं त्याला फसवत होतं. शेवटी उरली पलीकडची सीट. चार बोल्ट. त्याने ती उचलून काट्यावर ठेवली. त्याला वाटलं होतं त्याहून जड निघाली. मग एक चादर घालून त्याने ती आतल्या खोलीत ठेवून दिली.

गॅरेजमध्ये ट्यूनरने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "ही कशाला काढलीस?"

"रिकामीच असते," काटेवाला म्हणाला.

ट्यूनरने गाडी वर उचलली, चाकं फिरवून बघितली. मागचं एक चाक हाताला जड लागलं. "हे बघ, ब्रेक अडकतोय. थोडा थोडा घासतच होता हा." त्याने तो खोलून साफ करून मोकळा केला. "आधीच सांगायला हवं होतंस, आवाज येत असणार." काटेवाल्याने हो हो केलं, पण त्याचं लक्ष कुठे होतं देव जाणे. "जेवूनच जा आज," ट्यूनर म्हणाला, "घरी सगळे आहेत." यावर तो नेहमीप्रमाणे नको म्हणाला.

त्याच दुपारी आकडा अठरावर गेला. थोडासा वरच.

कुणीही दुसरा असता तर त्याने तिथेच गाडी कडेला घेऊन लेकीला फोन लावला असता. यानेही फोन काढला, आणि परत खिशात ठेवला. त्याच्या धंद्यात एकदा आलेल्या आकड्याला किंमत नसते. काटा एकदा बरोबर दाखवतो तो योगायोगही असू शकतो; तेच वजन तीनदा ठेवायचं, तीनदा तोच आकडा आला तरच शिक्का. आणि एका शनिवारी समोरून वारा होता, एका शनिवारी पाऊस, एकदा पंपावरच्या मुलाने टाकी अर्धवट भरली. तिसरा आकडा काही लागेना. असे कितीतरी शनिवार गेले. रिकाम्या जागेत तो आता डबा ठेवायचा, पाण्याची बाटली ठेवायचा. वळणावर बाटली घरंगळली की पुढच्या थांब्यावर उचलायचा. सीट तिथे नाही याची त्याला इतकी सवय झाली की ती तिथे नाही हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

आणि मग मुलीचा फोन आला. रविवार नव्हता.

"बाबा, ऐक. मला बाहेरची नोकरी लागली. बाहेर म्हणजे परदेशात. तीन वर्षांची. तुला आधी सांगणार होते, पण पक्कं होत नव्हतं." ती भराभर बोलत होती. "आणि पुढच्याच आठवड्यात निघायचंय."

तो म्हणाला, "छान झालं."

"बाबा."

"छानच झालं की! विमानतळावर कोण सोडणार?"

"टॅक्सी सांगितलीय."

"रद्द कर. मी येतो. अठरा झालंय."

"खरंच?"

"दोनदा आलं. तिसऱ्यांदा तुझ्याकडे येताना आणतो."

पलीकडून ती म्हणाली, "ये. तूच सोड मला. मला तुझ्याच गाडीतून जायचंय. रस्त्यात खूप बोलायचंय, फोनवर नाही जमत आपल्याला."

ते चार दिवस तो नुसता हवेत होता. तिच्या शहरापासून विमानतळ दीड तासावर; म्हणजे दीड तास ती शेजारी. काय बोलायचं हे त्याने काट्यांवर काम करता करता ठरवून टाकलं. तिची आई जायच्या आधी काय म्हणाली होती ते सांगायचं राहिलं होतं. घरात किती शांत वाटतं हेही एकदा बोलून टाकायचं, पण सहज, तिला वाईट वाटणार नाही असं. गाडी त्याने दोनदा धुतली. तिच्या बाजूची काच आतून-बाहेरून चकचकीत केली. तिच्या बाजूचा पत्राही पुसला, उघडा पत्रा, चार बोल्टांची चार भोकं. तुम्ही म्हणाल, हातात फडकं असताना माणूस असं कसं विसरेल? विसरतो. घरात वर्षानुवर्षं एकच कप वापरणाऱ्याला दुसऱ्या कपाची आठवण पाहुणा दारात आल्यावरच होते.

रात्री दोनला निघाला आणि उजाडल्यावर तासाभराने तिच्या इमारतीखाली पोहोचला. आकडा होता अठरा पूर्णांक दोन. तिसऱ्यांदा. गाडी बंद केल्यावर तो आकडा नाहीसा होऊ नये म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवलं.

मुलगी दोन मोठ्या बॅगा ओढत खाली आली. मागे तिची खोलीतली मैत्रीण, तीही त्याच खात्यातली. मुलीने बॅगा तिथेच सोडल्या, त्याच्या गळ्यात पडली, आणि लहानपणी जायची तशी पळत पलीकडच्या दाराकडे गेली. दार उघडलं.

ती तशीच उभी राहिली. मग वाकून त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मी कुठे बसू?"

त्याने बघितलं. पत्रा स्वच्छ होता. त्यावर पाण्याची बाटली होती. कुणीतरी फाडकन तोंडात मारावी तसं त्याला झालं. "वजन," एवढंच तो म्हणाला. "वजन कमी..."

मुलगी हसली. खरोखर हसली आधी. मग बापाचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं. "असू दे, बाबा. मी खाली बसते."

"नाही. पट्टा नाही. हायवे आहे."

टॅक्सी त्याच्याच सांगण्यावरून रद्द झालेली. दुसरी शोधली तर तासभर थांबा म्हणे, आणि तेवढा वेळ हातात नव्हता. मैत्रिणीची छोटी गाडी होती, तिला त्याच वाटेने पुढे जायचं होतं. पण तिच्या मागच्या सीटवर धूर मोजायची यंत्रं खोकी भरून बसवलेली, पट्टे लावून, नीट. मोकळी एकच, ड्रायव्हरशेजारची.

"असं करू," मुलगी म्हणाली. "बाबा, तू हिची गाडी चालव, मी तुझ्याशेजारी बसते. तुझी गाडी ही आणेल."

मैत्रीण बिचारी तयार झाली. लाल गाडीत बसली, क्लच दाबला. "अगं आई! दाबला जात नाही हा." रेसचा क्लच, याने स्वतः हौसेने बसवलेला. तिने सोडला की गाडी गचका देऊन बंद. पुन्हा गचका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती खाली उतरली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काका, सॉरी."

शेवटी बॅगा त्याच्या गाडीत गेल्या. पलीकडच्या रिकाम्या जागेत दोन्ही बॅगा अशा बसल्या, जणू मोजून जागा केली होती. मुलगी मैत्रिणीच्या गाडीत बसली. छोटी गाडी पुढे, लाल गाडी मागे.

दीड तास तो त्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होता. खोक्यांच्या फटीतून तिच्या केसांचा एक तुकडा दिसायचा. मधूनमधून ती वळायची, हात हलवायची. तो दिवा लावून उत्तर द्यायचा. ठरवलेलं सगळं त्याला आठवत होतं, अगदी क्रमाने. आईबद्दलचं वाक्य त्याने एकदा मोठ्याने बोलूनही बघितलं. बॅगांवर तिच्या हाताने तिचं नाव लिहिलेलं होतं.

मैत्रीण सावकाश चालवत होती आणि हा तिच्यामागे, वारा अडलेला. ॲव्हरेजचा आकडा वर चढत गेला. अठरा सात. एकोणीस. एकोणीस तीन. गाडीने जन्मात असा आकडा दिला नव्हता. काटेवाल्याने त्या आकड्यावर हात ठेवून तो झाकला आणि उरलेला रस्ता तसाच एका हाताने चालवला.

विमानतळावर बॅगा उतरवून झाल्या. बोलायला वेळ नव्हता, मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. मुलीने त्याला घट्ट धरलं.

"किती झालं?" तिने त्याच्या खांद्यातच तोंड ठेवून विचारलं.

"एकोणीस."

"मूर्ख आहेस तू, बाबा."

"आहे," तो म्हणाला.

मग ती आत गेली. काचेच्या दारातून दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत गेली. मैत्रीण आपल्या कामाला गेली. काटेवाला परतीच्या रस्त्याला लागला तेव्हा बाटली पुन्हा घरंगळायला लागली होती.

शनिवारी त्याने चादर काढली आणि सीट गॅरेजमध्ये नेली. ट्यूनरने पाना काढला. दोघांनी मिळून ती बसवली, चारही बोल्ट आवळले. सीट पुढे-मागे करायची पट्टी काटेवाल्याने हलवू दिली नाही. "आहे तिथेच राहू दे." त्या दिवशी ट्यूनरने जेवायला म्हटल्यावर तो नको म्हणाला नाही.

मग तो हायवेला गेला, तोच पंप, तोच टोलनाका. आकडा आला अठरा पूर्णांक दोन. पुढच्या शनिवारी तोच. त्याच्या पुढच्या शनिवारी तो सकाळीच निघाला, हवा शांत होती, आणि पंपावर परत आला तेव्हा पुन्हा तोच. सीटने काही फरक पडलाच नव्हता. तो घासणारा ब्रेक होता सगळा, आणि ट्यूनरने ते तोंडावर सांगितलं होतं.

त्याने गाडी पंपाच्या कडेला लावली आणि फोन केला. तिकडे किती वाजले असतील याचाही विचार केला नाही.

"काय रे बाबा? बरा आहेस ना?"

"बरा आहे. सीट लावली परत. तीनदा बघितलं. तेवढंच येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं वजन लागतच नव्हतं." आणि या वेळी तो तिथेच थांबला नाही. "मला करमत नाही गं. तू नाहीस तर मुळीच करमत नाही. एवढंच सांगायचं होतं त्या दिवशी, गाडीत."

पंपावर एक ट्रक आला, पेट्रोलवाल्याने काटेवाल्याला गाडी पुढे घ्यायची खूण केली.

"सीट पुढेच आहे ना?" तिने विचारलं. "माझी होती तशी?"

त्याने शेजारी बघितलं. "पुढेच आहे," तो म्हणाला.